शनीची महादशा, साडेसाती आणि रखडलेली नोकरी

आपण विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपले वय ३६ आहे, लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात बराच अनुभव आहे, आणि २०२० पासून नोकरीत काहीही धड घडलेले नाही. दोनदा बढती हुकली, एकदा संपूर्ण विभागच बंद झाल्यामुळे नोकरी गेली, आणि आताची नोकरी आधीपेक्षा कमी पगाराची असून तिथे वरिष्ठांशी पटत नाही. एका ज्योतिषांनी ‘शनीची महादशा २०४१ पर्यंत आहे, तोवर उत्कर्ष नाही’ असे सांगितले आणि नीलम धारण करण्याचा सल्ला दिला. हे खरे आहे काय, नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करावा काय आणि नीलम घालावा काय, असे आपले तीन प्रश्न आहेत.

आपण पाठवलेल्या पत्रिकेनुसार मीन लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे पत्रिकेतले पहिले स्थान), कुंभ रास आणि शततारका नक्षत्र आहे. चंद्र व्ययस्थानात (बारावे), गुरू चतुर्थात मिथुनेत, केतू पंचमात कर्केत, रवी, मंगळ आणि उच्चीचा बुध सप्तमात कन्येत, शुक्र भाग्यात (नववे) वृश्चिकेत, शनी दशमात धनू राशीत आणि राहू लाभात (अकरावे) मकरेत आहे. शनीची महादशा, म्हणजे शनीच्या अमलाचा एकोणीस वर्षांचा काळ, एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. पुढचे सगळे विवेचन याच मांडणीवर आधारलेले आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. एकोणीस वर्षांच्या महादशेवर एकच शिक्का मारणे हे शास्त्राला धरून नाही. विंशोत्तरी पद्धतीत प्रत्येक महादशेच्या पोटात नऊ अंतर्दशा असतात, आणि माणसाच्या वाट्याला येणारे बरेवाईट अनुभव बहुतांशी त्या अंतर्दशांच्या स्वामींच्या द्वारे येतात. महादशानाथ काळाचा एकंदर रोख ठरवतो. त्या रोखात कोणत्या वर्षी काय हाती लागेल, हे अंतर्दशानाथ कोणत्या स्थानांचा स्वामी आहे, कुठे बसला आहे आणि महादशानाथापासून कितव्या स्थानी आहे यावरून पाहावे लागते. ज्या ज्योतिषांनी आपल्याला २०४१ हे साल सांगितले त्यांनी महादशेची मर्यादा बरोबर सांगितली, पण तिच्या आतला भाग पाहिलाच नाही असे दिसते.

आता आपल्या पत्रिकेतला शनी नेमका काय आहे ते पाहू. मीन लग्नाला शनी लाभ आणि व्यय या दोन्ही स्थानांचा स्वामी होतो. पाराशरी मतानुसार तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या स्थानांचे स्वामी दशेत सहजासहजी सुख देत नाहीत. शिवाय शनीची मूलत्रिकोण (विशेष बळाची) रास कुंभ ही आपल्या व्ययस्थानात येते, त्यामुळे लाभेशापेक्षा व्ययेशाचा गुण अधिक जाणवतो. असा शनी दशमात, म्हणजे कर्मस्थानात बसला आहे. याचा अर्थ कर्म नष्ट होईल असा नाही. कर्मस्थानातील शनी माणसाला कामापासून सोडवत नाही, उलट कामाला जखडून ठेवतो. व्ययेशाचा संबंध आल्यामुळे त्या कामातला मोठा भाग पडद्यामागे राहतो, श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते, मेहनत आणि मोबदला यांचे प्रमाण जुळत नाही, आणि पुष्कळदा मूळ ठिकाणापासून दूर जाऊन किंवा परक्या माणसांच्या संस्थेत राहूनच काम फळाला येते. आपल्या पत्रातील तक्रारींपैकी बहुतेक याच चौकटीत बसतात. आपण लिहिले आहे की अहवाल आपण तयार करता आणि सादर दुसरा करतो. दशमातल्या व्ययेशाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

मात्र याच शनीवर गुरूची पूर्ण सातवी दृष्टी आहे, आणि गुरू हा आपला लग्नेश (पहिल्या स्थानाचा स्वामी) तसाच दशमेशही (दहाव्या स्थानाचा स्वामी) आहे. दशमेश चतुर्थातून स्वतःच्याच दशमस्थानाला पाहतो, ही या पत्रिकेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दशमेशाची दृष्टी ज्या दशमावर आहे, त्या माणसाचा कामाचा धागा वारंवार ताणला गेला तरी सहसा तुटत नाही. विभाग बंद झाल्यावर आपण फार काळ रिकामे राहिला नाहीत, कमी पगाराची का होईना पण त्याच क्षेत्रातली नोकरी मिळाली, याकडे आपण दुर्दैवाचा पुरावा म्हणून पाहता. मी ते गुरूच्या दृष्टीचे फळ मानतो.

दुसरी गोष्ट काळाच्या हिशेबाची आहे. आपण सगळा दोष शनीच्या महादशेला दिला आहे, पण आपल्याच सांगण्यानुसार त्रास २०२० मध्ये सुरू झाला आणि महादशा एप्रिल २०२२ ची आहे. मग मधल्या दोन वर्षांचे काय? तिथे दोन स्वतंत्र कारणे एकत्र आली होती. गुरूच्या महादशेतली शेवटची अंतर्दशा राहूची असते. तिचा काळ दोन वर्षे चार महिने चोवीस दिवस, म्हणजे आपल्या बाबतीत २०१९ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत. महादशेच्या या शेवटच्या टप्प्याला दशाछिद्र म्हणतात, आणि जुनी घडी विस्कटणे हा त्याचा स्वभावच आहे. त्याच सुमारास, २४ जानेवारी २०२० रोजी शनी मकर राशीत आला आणि कुंभ राशीच्या लोकांना साडेसाती लागली. म्हणजे महादशा, दशाछिद्र आणि साडेसाती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे आरंभ वेगळे, शेवटही वेगळे. आपण त्यांना एकच समजत आहात, म्हणून आपल्याला शेवट २०४१ मध्ये दिसतो.

साडेसातीचा शेवट त्यापेक्षा खूपच जवळ आहे. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून आपला शेवटचा अडीचकीचा टप्पा सुरू आहे. जून २०२७ मध्ये शनी मेषेत जाईल, वक्री होऊन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मीनेत परत येईल, आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये पुन्हा मेषेत जाईल, तेव्हा आपली साडेसाती खऱ्या अर्थाने संपेल. जून २०२७ मध्ये ‘सुटलो’ असे वाटून कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, कारण पुढचे वक्री आवर्तन बाकी आहे.

मीनेतला शनी आपल्याला विशेष जड का वाटतो, याचेही उत्तर गणितात आहे. मीन ही आपली लग्नराशी असल्यामुळे हा शनी चंद्रापासून दुसरा असला तरी लग्नावरून प्रत्यक्ष पहिल्या स्थानातून जात आहे, आणि आपल्या दहाव्या दृष्टीने धनू राशीला, म्हणजे दशमस्थानाला आणि तिथल्या मूळ शनीला पाहत आहे. शनीच्या भिन्नाष्टकवर्गात (प्रत्येक राशीत ग्रहाचे बळ बिंदूंनी मोजणाऱ्या तक्त्यात) एकूण ३९ बिंदू असतात, म्हणजे राशीमागे सरासरी सव्वातीन. आपल्या पत्रिकेत मकरेत दोन, कुंभेत तीन आणि मीनेत दोन बिंदू येतात. साडेसातीच्या तिन्ही राशींत शनी सरासरीपेक्षा दुर्बळ आहे, त्यामुळे ही साडेसाती आपल्याला इतरांपेक्षा अधिक बोचली असेल, हे मी मान्य करतो. त्याउलट मेषेत सहा बिंदू आहेत. मेष ही शनीची नीच रास म्हणून लोक धास्तावतात, पण चंद्रापासून तिसरा शनी गोचरीने, म्हणजे आकाशातल्या चालू भ्रमणात, शुभ मानला आहे आणि त्याला सहा बिंदूंचा आधार असताना केवळ नीचत्वाकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. साडेसाती सर्वांना सारखीच असते हा समज या एका गणिताने दूर व्हावा. मला तर प्रत्येक ज्योतिषाने साडेसातीचे नाव काढण्यापूर्वी हे बिंदू मोजावेत असे मनापासून वाटते.

आता महादशेच्या आत डोकावू. एप्रिल २०२२ ते एप्रिल २०२५ ही शनीमध्ये शनीचीच अंतर्दशा होती. लघुपाराशरी या ग्रंथाचा एक महत्त्वाचा नियम असा आहे की ग्रह आपल्या दशेत स्वतःच्याच अंतर्दशेत आपले खरे फळ देत नाही. ते फळ त्याच्याशी संबंध असलेल्या किंवा त्याच्यासारख्या गुणाच्या ग्रहांच्या अंतर्दशेत मिळते. म्हणून त्या तीन वर्षांवरून उरलेल्या सोळा वर्षांचे अनुमान काढणे चुकीचे आहे. त्या काळाचे काम पाया खणण्याचे असते, आणि पाया खणताना जमिनीवर काही उभे राहिलेले दिसत नाही.

एप्रिल २०२५ पासून बुधाची अंतर्दशा सुरू आहे. तिचा काळ दोन वर्षे आठ महिने नऊ दिवसांचा, म्हणजे साधारण डिसेंबर २०२७ पर्यंतचा आहे. आपला बुध सप्तम केंद्रात (केंद्र म्हणजे पहिले, चौथे, सातवे आणि दहावे स्थान) स्वतःच्या उच्च राशीत आहे आणि रवीपासून पुरेसा दूर असल्याने अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात झाकलेला, नाही. महादशानाथ शनीपासून तो दहाव्या स्थानी आहे. महादशानाथापासून केंद्रात असलेला अंतर्दशानाथ काम पुढे नेतो, तर सहावा, आठवा किंवा बारावा असेल तर अडवतो, असा सर्वसाधारण नियम आहे. शनी दहाव्या दृष्टीने त्याला पाहतो, म्हणजे दोघांचा संबंधही प्रस्थापित आहे. हिशेब, लेखापरीक्षण, करविषयक सल्ला, दस्तऐवज हा सगळा बुधाचाच प्रांत आहे, त्यामुळे आपल्या व्यवसायाला हाच अंतर्दशानाथ अनुकूल ठरतो. न्यूनही सांगतो. बुध दोन केंद्रांचा स्वामी असल्यामुळे केंद्राधिपत्याचा दोष त्याला लागतो, आणि मीन हे द्विस्वभाव लग्न असल्याने सप्तमेश बुध बाधकेशही (अडथळ्याच्या स्थानाचा स्वामी) होतो. शिवाय षष्ठेश (सहाव्या स्थानाचा स्वामी) रवी त्याच्यासोबत आहे, म्हणून वरिष्ठांशी आणि करारांशी संबंधित कटकट या काळात पूर्णपणे थांबणार नाही. माझे मत असे आहे की या अंतर्दशेत संधी येतील, पण त्या कागदावरच्या अटींसह येतील. अटी न वाचता घेतलेली संधी पुढे त्रास देईल. नव्या नोकरीचे नियुक्तिपत्र, पदाचे नाव, पगाराची रचना, नोकरी सोडतानाचा सूचनाकाल या सर्व गोष्टी लेखी घ्याव्यात. आपण केलेल्या कामाची नोंदही आपल्या नावाने, तारखेसह ठेवावी. श्रेय दुसऱ्याकडे जाण्याच्या तक्रारीवर मला ठाऊक असलेला हाच एक खात्रीचा उपाय आहे आणि तो बुधाच्या स्वभावालाही धरून आहे. जून २०२६ मध्ये गुरू कर्क या आपल्या उच्च राशीत येतो आणि तिथून नवव्या दृष्टीने आपल्या लग्नाला पाहतो. नोकरी बदलण्यासाठी अर्ज, मुलाखती आणि बोलणी करण्यास मी तेव्हापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सुचवीन.

बुधानंतर केतूची अंतर्दशा येते, साधारण डिसेंबर २०२७ ते जानेवारी २०२९. या तेरा महिन्यांबद्दल मला सर्वांत अधिक सावध करायचे आहे, कारण केतू शनीपासून आठवा आहे आणि त्याच्या राशीचा स्वामी चंद्र व्ययस्थानातून त्याच्यावर परिणाम करतो. याच काळात साडेसाती संपत असल्याने माणसाला हलके वाटते, आणि त्या हलकेपणात तो हातातले सोडून देतो. गोचर अनुकूल आणि अंतर्दशा प्रतिकूल, असा हा विरोधी प्रसंग आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे यावर ज्योतिषांत मतभेद आहेत. मी स्वतः दशेला प्रमुख आणि गोचराला सहायक मानतो. गोचर दार उघडू शकते, पण दशेत नसलेली वस्तू देऊ शकत नाही. म्हणून २०२८ हे वर्ष मनःस्थिती सुधारण्याचे, प्रकृतीचे आणि कौशल्य वाढवण्याचे ठेवावे. राजीनामा, भागीदारी किंवा मोठे कर्ज यांसाठी ते वापरू नये.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. स्वतंत्र व्यवसायाला सप्तमातला उच्चीचा बुध पूरक आहे, त्यामुळे ‘व्यवसाय योग नाही’ असे मी म्हणणार नाही. परंतु महादशा ज्या शनीची आहे तो व्ययेश होऊन कर्मस्थानात आहे, म्हणून आरंभी खर्च अपेक्षेहून जास्त आणि वसुली अपेक्षेहून उशिरा होईल हे गृहीत धरूनच चालावे. नोकरी चालू असताना, मालकाच्या नियमांत बसत असेल तर, डिसेंबर २०२७ पूर्वी छोट्या प्रमाणावर सल्लागार म्हणून काम सुरू करावे, दोन-चार स्थिर ग्राहक जोडावेत आणि किमान एक वर्षाचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नये. केतूच्या अंतर्दशेत ते काम तेवढेच चालू ठेवावे, वाढवू नये. २०२९ च्या आरंभापासून शुक्राची अंतर्दशा तीन वर्षे दोन महिने आहे. शुक्र भाग्यस्थानात असला तरी तो तृतीय आणि अष्टम स्थानांचा स्वामी असून शनीपासून बारावा आहे, त्यामुळे तीही मिश्र फळाचीच. व्यवसायाचा खरा विस्तार करण्याचा विचार त्यानंतर येणाऱ्या अंतर्दशांच्या वेळी करावा.

आपण पत्राच्या शेवटी एक वाक्य लिहिले आहे की रात्र-रात्र झोप लागत नाही आणि सकाळी कामावर जाण्याची इच्छाच उरत नाही. त्याकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही. आपला चंद्र व्ययस्थानात आहे आणि शनीची तिसरी दृष्टी त्याच्यावर आहे, त्यामुळे शनीच्या दशेत मनावर ओझे येणे ज्योतिषाच्या भाषेत समजते. गुरूची नववी दृष्टीही त्याच चंद्रावर आहे आणि ती आधार देते. पण पत्रिकेत कारण सापडले म्हणून त्यावरचा उपचार पत्रिकेत सापडत नाही. ही लक्षणे कित्येक आठवडे टिकून असतील तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे, आणि ती भेट कोणत्याही मुहूर्तासाठी लांबवू नये.

नीलमाबद्दल माझे मत नकाराचे आहे. रत्न हे ग्रहाचे बळ वाढवण्यासाठी घालतात, ग्रह शांत करण्यासाठी नव्हे. हा मूळ विचार विसरला जातो आणि ज्या ग्रहाचा त्रास त्याच ग्रहाचे रत्न हातात येते. मीन लग्नाला शनी लाभेश आणि व्ययेश असताना, त्याची मूलत्रिकोण रास व्ययात असताना, त्याचे बळ वाढवण्यात व्यय वाढण्याचाच धोका अधिक दिसतो. महागड्या रत्नासाठी कर्ज काढणे तर शनीच्या दशेत सर्वथा वर्ज्य समजावे. दशमेश आणि लग्नेश गुरू आहे. उपाय करायचाच असेल तर गुरूची उपासना करावी. शनीसाठी शनिवारी यथाशक्ती दान, ‘ॐ शं शनैश्चराय नमः’ या मंत्राचा जप आणि आपल्या हाताखालच्या श्रमिकांशी न्यायाने वागणे एवढे पुरेसे आहे. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही, आणि जिथे भीती दाखवून खर्चिक शांतीचा आग्रह होतो तिथून आपण उठून यावे असे मी स्पष्टपणे सांगतो.

एक तांत्रिक बाब राहिली. वर दिलेल्या सर्व तारखा चित्रापक्षीय अयनांशावर (राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा हे ठरवणाऱ्या अंतरावर) आणि आपण दिलेल्या जन्मवेळेवर अवलंबून आहेत. रैवतपक्षीय पंचांगाचे अयनांश सुमारे चार अंशांनी वेगळे असल्याने त्यावरून काढलेली दशा आपल्या बाबतीत पाच वर्षांहून अधिक सरकते. दोन ज्योतिषांनी दोन वेगळी साले सांगितली तर त्याचे कारण बहुधा हेच असते. जन्मवेळेचेही तसेच आहे. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण चोवीस तास लागतात आणि आपला जन्म राहूच्या अठरा वर्षांच्या दशेत झाला आहे, त्यामुळे वेळेत एका तासाची चूक असेल तर दशा नऊ महिन्यांनी मागेपुढे होते, आणि दशमांश कुंडलीचे (नोकरी-व्यवसायासाठी पाहतात त्या उपकुंडलीचे) लग्न तर साधारण बारा मिनिटांत बदलते. आपण वेळ ‘संध्याकाळी सहाच्या सुमारास’ अशी लिहिली आहे. ती रुग्णालयाच्या नोंदीवरून पडताळावी; नोंद मिळाली नाही तर शिक्षण पूर्ण झाल्याची, पहिली नोकरी लागल्याची, विवाहाची आणि घरातील एखाद्या मोठ्या घटनेची तारीख कळवावी, म्हणजे त्यांवरून वेळ शुद्ध करून डिसेंबर २०२७ ही सीमारेषा नेमकी कुठे पडते ते मला सांगता येईल.